धानाच्या बांधीतले सारस

शुक्रवार, संध्याकाळ

गोंदियाला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. प्लॅटफॉर्मवर उतरल्या उतरल्या कानाला थंडी झोंबली. हिवाळ्यात विदर्भातलं सर्वांत कमी तापमान कुठे, असं विचारलं की बहुतेक वेळा गोंदियाचंच नाव येतं. पारा आठ-नऊ अंशांवर येणं इथे नवल नाही. नागपूरहून इथे येणं सोपं आहे. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येतात, त्यामुळे प्रवासाबद्दल जास्त लिहीत नाही.

मला न्यायला माझा मित्र आला होता. तो गोंदिया तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो आणि शाळेच्या आधी आणि शाळेनंतर पक्षी बघतो. मुक्काम त्याच्या मामांच्या गावी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

महाराष्ट्रात सारस पाहायचा तर पूर्व विदर्भात यावं लागतं. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत, वैनगंगा आणि वाघ नदीच्या काठच्या धानपट्ट्यात थोडे सारस उरले आहेत. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये आणखी काही. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत हा जगातला सर्वांत उंच. ताठ उभा राहिला तर पावणेसहा-सहा फूट भरतो. एवढा मोठा पक्षी राहतो कुठे, तर माणसाच्या शेतात. वाघ बघायला आपण जंगलाच्या फाटकावर तिकीट काढतो. सारसासाठी फाटक नाही, गाइड नाही, जिप्सी नाही. ज्याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, तो उतरतो त्या शेतकऱ्याने 'या' म्हटलं तरच तुम्ही आत. मला हीच गोष्ट ओढून घेऊन आली होती.

मामाजींच्या घरी पोचलो तर चुलीवर भात रटरटत होता. मामीजींनी पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी केली होती, वर ताजा सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) चिरून, आणि लाखोरी या कडधान्याची डाळ. जेवताना मामाजींनी अंगणाकडे नजर टाकली आणि सांगितलं, "वारा पडला जी. आभाय मोकळं हाय. उद्या धुवारी पडन पाहा."

मित्राने त्याला पुस्ती जोडली. आठवड्याभरापूर्वी पाऊस शिंपडून गेला होता, बांध्यांतली जमीन ओली होती. ढग नाहीत, म्हणजे रात्री जमीन झपाट्याने निवणार. वारा नाही, म्हणजे जमिनीलगतची गार, ओलसर हवा जागची हलणार नाही. धुकं धरायला आणखी काय लागतं! फोटोसाठी जाणाऱ्यांनी हे तीन ताळे आदल्या रात्री पाहून ठेवावेत: ओल, मोकळं आभाळ, पडलेला वारा. तिन्ही असले तर गजर पहाटेचा लावावा. ढगाळ रात्र असेल तर निवांत झोपावं.

शनिवार, पहाट

साडेपाचला निघालो. मोटारसायकलच्या दिव्याचा उजेड दहा पावलांपुढे पोचत नव्हता. मित्र रस्त्याच्या कडेच्या पळसांच्या अंदाजाने गाडी हाकत होता. एका ठिकाणी त्याने गाडी बंद केली, ढकलत आणून मोहाच्या झाडाखाली लावली आणि तिथून आम्ही धुऱ्याने चालत गेलो. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, जेमतेम पाऊल मावेल इतका. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं आणि त्यांतून वर आलेली लाखोरी. इथे धान उभा असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकून पेरतात. धान कापला गेला की उरलेल्या ओलीवर ती वाढते, वेगळं पाणी लागत नाही. चालताना पँट गुडघ्यापर्यंत चिंब झाली. गमबूट नेले असतील तर इथे कामाला येतात.

शेताचे मालक आमच्या आधी पोचले होते. वय सत्तरीच्या पुढचं, अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर. धानाच्या पुंजण्याच्या, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाच्या, आडोशाला त्यांनी शेकोटी पेटवली होती. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून मीही काकाजीच म्हटलं. मित्राने आदल्या दिवशी येऊन विचारून ठेवलं होतं. तरी काकाजींनी मला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. पुंजण्याच्या पुढे जायचं नाही. उभं राहायचं नाही. पलीकडच्या बोडीकडे, म्हणजे छोट्या तळ्याकडे, तर मुळीच जायचं नाही. "तुमी इथंच बसा. थे येतेत. त्याईले घाई नसते, तुमीबी करू नका."

मी तणसाच्या पेंढीवर बसलो. पाचशे मिलिमीटरची लेन्स गुडघ्यावरच्या बीन बॅगवर टेकवली. समोर काहीच दिसत नव्हतं. काळोखाचा राखाडी झाला, राखाडीचा दुधाळ झाला, एवढाच काय तो बदल. टिटवी ओरडत होती. लांब कुठेतरी पंपाची मोटर सुरू झाली. गावातून कोंबडे, मग देवळातली भूपाळी, मग भांड्यांचे आवाज. धुक्यात आवाज फार जवळचे वाटतात, त्यामुळे गाव पाठीशीच उभं असल्यासारखं झालं.

आणि मग ती हाक आली.

सारसाची हाक मी रेकॉर्डिंगवर अनेकदा ऐकली होती. ती शेतात, धुक्यात, डोळ्यांना काही दिसत नसताना ऐकणं ही गोष्टच निराळी. नर एक लांब हाक देतो आणि तिच्या पाठोपाठ मादी दोन आखूड हाका देते. नर-मादीचं हे इतकं घट्ट विणलेलं असतं की ऐकणाऱ्याला एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. हाक छातीत जाणवते. माझ्या अंगावर काटा आला, तो थंडीचा नव्हता. काकाजी शेकोटीत काटकी सरकवत म्हणाले, "उठले."

पावणेसातच्या सुमारास सूर्य वर आला असणार. आम्हाला तो त्यानंतर बऱ्याच वेळाने दिसला. आधी धुक्याला एका बाजूने किंचित पिवळटपणा आला. त्या पिवळ्यात दोन उभ्या रेघा दिसल्या. मी त्यांना आधी बाभळीची खोडं समजलो, तेवढ्यात एक रेघ वाकली. मग तिसरी, जरा बुटकी, त्यांच्या मागून आली.

आई, बाप आणि पिल्लू. मोठ्या दोघांची अंगं धुक्याच्याच रंगाची, त्यामुळे शरीर विरघळून गेलेलं आणि वर नुसती लाल मान आणि लाल डोकं तरंगताना दिसत होतं. पिल्लाच्या डोक्याला अजून लाली चढली नव्हती, तिथे विटकरी-तपकिरी पिसं होती. गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू. तिघं आमच्याकडेच येत होती, लाखोरीत चोच खुपसत, थांबत, मान वर करून ऐकत. लाखोरीला निळी फुलं लागली होती. मी पहिले पाच-सहा फोटो काढले आणि मग बराच वेळ काढलेच नाहीत, नुसता पाहत बसलो.

कॅमेऱ्यावाल्यांसाठी थोडं सांगतो, कारण धुक्यात कॅमेरा नेहमीसारखा वागत नाही. मीटरला समोरचा पांढरेपणा सोसत नाही, तो धुकं राखाडी करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवून ठेवलं. ऑटोफोकस धुक्यात भरकटतो, त्याला धरायला कड लागते. सारसाच्या बाबतीत ती कड म्हणजे लाल मान आणि राखाडी अंग जिथे मिळतात ती जागा. एकच फोकस बिंदू निवडला आणि तिथे ठेवला. लेन्सवर हूड हवाच, नाहीतर पाच मिनिटांत काच दवाने भरते. सुती रुमाल दोन-तीन ठेवा, एक तर ओलाच होतो. फोटो रॉमध्ये काढा, पण घरी येऊन सॉफ्टवेअरमधला 'डीहेझ' ओढत बसू नका. धुकं काढून टाकायचं असेल तर दुपारी बाराला गेलेलं काय वाईट? माणूस इतक्या पहाटे उठून जातो तो त्या अर्धवट दिसण्यासाठीच.

अंतराबद्दल मात्र ठामपणे सांगतो. आम्ही पुंजण्यापाशीच बसून होतो. पक्षी कधी शंभर पावलांवर, कधी त्याहून जवळ, पण ते त्यांच्या मर्जीने. मधे काकाजी उठले आणि फावडं घेऊन बांधीतलं पाणी वळवायला गेले. सारसांपासून हाकेच्या अंतरावर ते अनवाणी काम करत होते आणि त्या तिघांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली, दोघं उतरून बघायला लागले. ते कितीतरी लांब होते, तरी तिन्ही माना एकदम ताठ झाल्या. सारस माणसाला घाबरत नाही, अनोळखी माणसाला घाबरतो. काकाजींच्या चालण्याची, खोकण्याची, घोंगडीच्या रंगाची त्याला सवय आहे. आपण कितीही छद्मवेश घातला तरी आपण परकेच.

आठच्या सुमारास पिवळसर पडदा पातळ झाला आणि सूर्याची तबकडी दिसायला लागली, डोळ्यांनी सरळ पाहता येईल इतकी मवाळ. त्याच वेळी धुऱ्यावरून एक कोल्हा आला. तो आम्हाला दिसायच्या आधी सारसांना दिसला होता. नराने पंख उघडले. त्या पंखांचा विस्तार आठ फुटांच्या आसपास असतो हे मी वाचलं होतं, पण प्रत्यक्षात सूर्य मागे असताना ते पंख उलगडले तेव्हा समोरची अर्धी चौकट भरली. नर मान पुढे काढून सरळ कोल्ह्याच्या दिशेने चालत गेला. धावला नाही, ओरडला नाही, चालत गेला. मादीने पिल्लाला मागे घातलं. कोल्हा क्षणभर थांबला, त्याने एक पाय उचलला तो तसाच ठेवला आणि मग ज्या वाटेने आला त्या वाटेने धुक्यात नाहीसा झाला. हे सगळं मिनिटभरात घडलं असेल. या प्रवासातला माझा सर्वांत आवडता फोटो तोच: उघडलेले पंख, मागे मऊ सूर्य, आणि कोपऱ्यात कोल्ह्याचे दोन कान.

नऊ वाजता धुकं उठलं. सारस पलीकडच्या बांधीत उतरले. आम्ही शेकोटीपाशी सरकलो आणि काकाजींच्या सुनेने डब्यातून पाठवलेले चिले खाल्ले. तांदळाच्या पिठाचे, लसूण-मिरचीच्या ठेच्याबरोबर. गार झाले होते, तरी त्या वेळी त्याहून चांगलं काही सुचलं नसतं.

शनिवार, दुपार ते रात्र

घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेबाहेर काढू नका. बाहेर तो थंडगार झालेला असतो, चुलीच्या उबेत आला की आतबाहेर दव धरतं. बॅग बंद ठेवून तासभर कोपऱ्यात ठेवली की काम होतं.

दुपारी मित्र मला परसवाडा आणि झिलमिलीच्या तलावांवर घेऊन गेला. झिलमिलीचा तलाव बिरसी विमानतळाजवळ आहे. हिवाळ्यात दोन्हीकडे उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात. तलवार बदकांचे थवे, मोठ्या लालसऱ्या, पाण्यावर काळे ठिपके मांडल्यासारखे वारकरी पक्षी, आणि काठच्या पानांवर चालणारे इथलेच कमळपक्षी. अडईंचा एक थवा शिट्ट्या मारत डोक्यावरून गेला. दलदल भोवत्या खाली झेपावला की सगळं पाणी एकदम उठायचं आणि परत बसायचं. उजेड कडक होता, फोटो फारसे चांगले मिळाले नाहीत, पण दुर्बीण असेल तर दुपार छान जाते. तिथे धिवर समाजातले दोघं डोंग्यातून शिंगाडे काढून आले होते. त्यांच्याकडून उकडलेले शिंगाडे घेतले आणि बांधावर बसून सोलून खाल्ले.

हे तलाव ही या मुलखाची खरी श्रीमंती. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात ते उगीच नाही. कोहळी समाजातल्या लोकांनी गोंड राजवटीच्या काळापासून इथे तलाव बांधले, पाण्याच्या वाटण्या ठरवल्या, धानाची आणि उसाची शेती उभी केली. पुढे मालगुजारी, म्हणजे जमीनदारीची जुनी पद्धत, गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. आजही कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. सारस, बदकं, धिवरांची मासेमारी, शेतकऱ्याचं दुसरं पीक, सगळं त्या जुन्या बांधांवर उभं आहे. आज कित्येक तलाव गाळाने उथळ झाले आहेत, काठांवर अतिक्रमण आहे. पाहताना जीव तुटतो.

रात्री गावात नाटक होतं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसभर गाडीवरून भोंग्याने जाहिरात चालली होती. मला पहाटे परत उठायचं होतं, तरी मामाजी म्हणाले, "आले तं पायल्याबिगर जाऊ नका जी." दहाला सुरू झालं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानात मंडप, बाया-माणसं शाली-गोधड्या पांघरून बसलेली, लहान मुलं मांडीवर झोपलेली, समोर हार्मोनियम आणि तबला. सासुरवाशिणीच्या दुःखावर एक पद आलं तेव्हा शेजारच्या आजीने पदराने डोळे पुसले. अकराच्या पुढे मंडपाच्या कडेने धुकं आत येऊ लागलं आणि दिव्यांच्या झोतात तरंगत राहिलं. मला तिथून उठवेना. बाराला मित्राने हात धरून नेलं. नाटक पहाटेपर्यंत चालतं. हिवाळ्यात या भागात आलात तर एक रात्र त्यासाठी राखून ठेवा.

रविवार

धुकं पडलं, पण विरळ. वारा थोडा होता. सारस कालच्या बांधीत आले नाहीत, बोडीच्या पलीकडे होते. काकाजींनी नको म्हटलं होतं, म्हणून आम्ही गेलो नाही. त्याऐवजी शेकोटीपाशी बसून त्यांना बोलतं केलं, आणि फोटोपेक्षा ही सकाळ मला मोलाची वाटते.

गेल्या पावसाळ्यात, रोवणी (धानाची लावणी) चालू असताना, या जोडीने काकाजींच्याच बांधीत घरटं केलं. सारस घरटं झाडावर करत नाही. उथळ पाण्यात गवत, लव्हाळे, धानाची रोपं उपटून मोठा ढीग रचतो आणि त्यावर अंडी घालतो, बहुधा दोन. काकाजींनी तेवढ्या भागात रोवणी केली नाही. घरट्याभोवतीचे पऱ्हे (रोपं) पक्ष्यांनी उपटले ते वेगळेच. "किती नुकसान झालं?" मी विचारलं. "मोजलं नाई," ते म्हणाले. महिनाभर दोघं आळीपाळीने अंड्यांवर बसत. त्या दिवसांत काकाजींनी त्या बाजूला फवारणी केली नाही, गडीमाणसांना त्या धुऱ्याने जाऊ दिलं नाही, गावातल्या कुत्र्यांवर नजर ठेवली. एका अंड्यातून पिल्लू निघालं ते काही दिवसांनी दिसेनासं झालं. दुसरं वाचलं. काल आम्ही पाहिलं ते हेच.

मी विचारलं, का करता एवढं? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला असावा. "माह्या बापाच्या काळी गावात लय जोड्या होत्या. आता ही येक हाय. थे माह्या वावरात आली. मंग काहाले हाकलू?"

परतताना मित्राने मला वर बघायला सांगितलं. बांध्यांवरून विजेच्या तारा गेल्या होत्या. सारसाच्या मृत्यूची जी कारणं इथे पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांत या तारा पुढे आहेत. सहा-आठ किलोचा जड पक्षी, उडताना पटकन वळता येत नाही, आणि धुक्यात त्याला तार दिसतच नाही. आपल्याला ज्या धुक्याचं कौतुक, तेच त्याच्या जिवावर उठतं. हे कळल्यावर कालच्या फोटोंकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. दुसरं मोठं कारण शेतातली विषारी औषधं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या नेमल्या गेल्या. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी सारसांची गणना होते, त्यात वन विभागाबरोबर इथले पक्षीमित्र आणि शेतकरी पहाटेपासून पाणवठ्यांवर बसतात. तारा जमिनीखालून नेणं किंवा त्यांना आवरण घालणं ही मागणी जुनीच आहे. ती सारसांच्या वस्तीच्या प्रत्येक गावात पूर्ण व्हावी असं मला मनापासून वाटतं. आणि ज्याच्या बांधीत घरटं होतं त्याला नुकसानीचा मोबदला वेळेवर आणि मानाने मिळावा. काकाजींसारखा माणूस मागणार नाही, म्हणूनच तो द्यायला हवा.

दुपारी मामीजींनी लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वांग्याचं भरीत आणि तांदळाची भाकर वाढली. निघताना पिशवीत नवा तांदूळ बांधून दिला. नको म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळपर्यंत नवेगावबांधला पोचलो. रस्ता चांगला आहे, सडक अर्जुनीच्या पुढे जंगल सुरू होतं.

सोमवार, नवेगावबांध

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झालं, आणि २०१३ पासून हा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. मी मात्र सफारी घेतली नाही, तलावासाठी आलो होतो. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इथे परंपरेने सांगतात. चहूबाजूंनी सातबहिणींच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यामधल्या खिंडी बांधून पाणी अडवलेलं आहे. यंत्रं नसताना कुणाच्या डोळ्यांनी हा उतार ओळखला असेल, याचं मला फार नवल वाटतं.

सकाळचं धुकं इथे निराळं होतं. शेतातलं धुकं जमिनीला चिकटून बसतं, इथे ते पाण्यावरून वाफेसारखं उठत होतं आणि टेकड्यांच्या कमरेशी अडत होतं. बांधावरून एक धिवर जाळं गोळा करत होता. त्याच्या डोंग्याच्या टोकावर कवड्या खंड्या बसला होता, माणसाला न जुमानता. मी रुंद लेन्स लावली. तीन टेकड्या, एक डोंगा, पाण्यावरची वाफ. उघड्या चोचीचे करकोचे रांगेने काठावर उभे होते. सूर्य वर आला तसा एक नीळकंठ तारेवरून उडाला आणि त्या फिकट सकाळीत त्याच्या पंखांचा निळा रंग भसकन डोळ्यांत भरला.

इथे एक सूचना. बांधावर सकाळी फिरायला येणारे बरेच असतात, तेव्हा आवाजाची अडचण नको असेल तर उजाडायच्या आत या. टपरीवर आलूबोंडा आणि चण्याचा रस्सा मिळतो, तो तेलकट असतो पण त्या थंडीत पोटाला बरा वाटतो. पाण्यात उतरू नका, काठाचा चिखल फसवा आहे.

सारस पाहायला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी थोडं. डिसेंबर-जानेवारी हे दोन महिने सोयीचे: धुकं असतं, बांध्या मोकळ्या असतात, पिल्लं आईबापांबरोबर हिंडतात. जुलै ते सप्टेंबर हा घरट्यांचा काळ, तेव्हा कॅमेरा घेऊन जाऊच नये. घरट्यापासून पक्षी उठला की तेवढ्यात कावळा अंडं फोडतो. ड्रोन कधीच नको. रेकॉर्ड केलेली हाक वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार काही जण करतात, त्याने जोडी भांडायला येते आणि दिवसभराचं चरणं सोडते. गोंदियात पक्षीमित्रांचं चांगलं जाळं आहे, वन विभागाच्या कार्यालयातही चौकशी करता येते. त्यांच्यामार्फत जा, शेतकऱ्याला आदल्या दिवशी भेटा, धुऱ्यावरूनच चाला, लाखोरी तुडवू नका. शेतकऱ्याला पैसे पुढे करण्यापेक्षा त्याच्या शेतातल्या सारसांचा फोटो छापून पाठवा. मी काकाजींना दोन पाठवले, एक घरासाठी आणि एक गावच्या शाळेसाठी. शाळेतला फोटो मित्राने पाचवीच्या वर्गात लावला आहे.

इथे दिलेल्या फोटोंमधली जागेची नोंद मी काढून टाकली आहे, आणि गावाचं नावही लिहिलेलं नाही. कुणी वैयक्तिक विचारलं तरी सांगणार नाही, त्याबद्दल राग नसावा. परसवाडा आणि झिलमिली सगळ्यांना माहीत आहेत, तिथपासून सुरुवात करा.